आमच्या वाचनालयाची अष्टमी

आमच्या वाचनालयात एक जाडजूड कादंबरी होती, तिला कोलंबीचा वास यायचा. नवा सभासद ती हातात घ्यायचा, पान उलटायचा आणि हळूच माझ्याकडे बघायचा. मी म्हणायची, "न्या बिनधास्त, घरी गेल्यावर वास जातो." जात नसे. तरीही ती कादंबरी कपाटात कधी आठवडाभर टिकली नाही. तिला वास कसा लागला ते पुढे सांगेन. आधी मी कोण ते सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई मासळीबाजारातून आली की काय.

मी ग्रंथपाल. आता निवृत्त. रेवस आणि अलिबागच्या मधल्या पट्ट्यात, खाडीच्या तोंडाशी आमचं गाव आहे. वरच्या अंगाला आगरी वस्ती, तिची भातशेती आणि उरलीसुरली मिठागरं. खालच्या अंगाला कोळीवाडा. आणि दोन्हींच्या मधे, देवळासमोर, दोन कौलारू खोल्या आणि एक लांबलचक पडवी. हेच आमचं वाचनालय. माझं माहेर माणगावकडचं, म्हणजे डोंगराच्या कुशीतलं. लग्न होऊन इथं आले तेव्हा समुद्र मी फक्त सहलीत पाहिला होता. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती मला नडली.

वाचनालयात काम करते म्हटलं की लोक विचारायचे, "म्हणजे बसूनच ना?" बसूनच. पण बसल्या जागी डोकं चालू ठेवावं लागतं. पुस्तक देणं आणि घेणं हे काम कोणालाही जमेल. खरं काम म्हणजे कोणी काय वाचलंय हे ध्यानात ठेवणं. सासूने परवाच परत केलेली रहस्यकथा लगेच सुनेला द्यायची नाही, कारण जेवताना सासू खुनी कोण ते सांगून टाकते. ज्याच्या घरी आजारपण चाललंय त्याला रडवणारं पुस्तक द्यायचं नाही, आणि ते आपण मुद्दाम दिलं नाही हे त्याला कळूही द्यायचं नाही. एक निवृत्त गृहस्थ रोज येऊन एकच वर्तमानपत्र तासभर वाचायचे. त्यांना घरी बोलायला कोणी नव्हतं, म्हणून त्यांच्यापाशी दोन मिनिटं थांबून "आज काय म्हणतंय जग?" असं विचारणं, हेही त्या कामातच येतं. पगाराच्या चिठ्ठीत यातलं काही लिहिलेलं नसतं.

आमच्याकडे वाचनाचा हंगाम चैत्र-वैशाखाचा. पावसात लोक शेतात, दिवाळीपुढे कापणी-झोडणी, मग वाल, मग मिठागरं. चैत्र लागला की भात कणगीत गेलेलं असतं, वाल निघालेले असतात, पोरांच्या शाळा सुटतात, मुंबईची माणसं रेवसला लाँचमधून पिशव्या घेऊन उतरायला लागतात. पांगारा फुलून गेलेला असतो, रायवळ आंबे पडायला लागतात, आणि दुपारी माणसांच्या हाताला थोडी उसंत असते. ही उसंत पकडायची म्हणून मी "वसंत वाचन महिना" सुरू केला. अलिबागला एका शिबिरात मी "सर्व वयोगटांसाठी" हे शब्द ऐकले होते. मला ते फार भारदस्त वाटले. गावी येऊन मी ते खडूने फळ्यावर ठळक लिहिले आणि फळा पडवीत टांगला.

लिहिताना मला वाटलं नव्हतं की लोक ते खरं धरतील.

दुसऱ्याच दिवशी एक बाई सहा महिन्यांचं बाळ घेऊन आली. म्हणाली, "याच्यासाठी काय आहे?" फळ्याकडे बोट दाखवून उभी राहिली, हलेना. मग काय करता, मंगळवारी सकाळी रांगत्या बाळांचा वर्ग सुरू केला. चटया टाकायच्या, जाड पुठ्ठ्याची चित्रांची पुस्तकं मधे ठेवायची आणि आयांनी गाणी म्हणायची. बाळं पुस्तकं सरळ तोंडात घालायची. वाचनालयाचे अध्यक्ष नाना, म्हणजे निवृत्त हेडमास्तर, फार शिस्तीचे. ते एकदा येऊन बघून गेले आणि म्हणाले, "बाई, कडा चावल्यात सगळ्या." मी म्हटलं, "नाना, तुमच्या-माझ्या हातून गेलेल्या किती पुस्तकांवर कोणी इतकं तुटून पडलं?" नाना हसले नाहीत. पण नंतर पुठ्ठ्याची चार पुस्तकं स्वतःहून आणून दिली.

मग कोळीवाड्यातल्या बायका आल्या. त्यांची म्होरकी हिराबाय. तिचा आवाज असा, की ती हळू बोलली तरी देवळातला पुजारी बाहेर डोकावून बघायचा. ती म्हणाली, "बाय, आमाला वाचाला येतं कुठं? दुपारी आमी कोलंबी सोलतो. तू येऊन वाच, आमी आयकू." मला हे पटलं. हात कामात, कान मोकळे. मी दुपारी कोळीवाड्यात जायची, बायका गोल करून कोलंबी सोलायच्या आणि मी मधे बसून वाचायची. एका प्रकरणाच्या शेवटी नायिका घर सोडून निघते, तिथे मी पुस्तक मिटलं आणि म्हटलं, पुढचं उद्या. हिराबायने ओल्या हाताने पुस्तक माझ्याकडून काढून घेतलं, उघडलं, माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "कोलंबी अजून हाय." त्या दिवशी मला तीन प्रकरणं वाचावी लागली, आणि कादंबरीला वास लागला तो कायमचा. त्या बायकांनी नंतर ती आपल्या शिकलेल्या पोरींकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतली. ती कपाटात टिकायची नाही याचं कारण हेच.

सगळंच जमलं असं नाही. पंधरा ते वीस वयाची मुलं मला कधी साधली नाहीत. पंखा आहे आणि आई ओरडत नाही म्हणून ती वाचनालयात यायची, स्पर्धापरीक्षेची पुस्तकं उघडून मोबाइलवर बोटं फिरवायची. मी नाटकवाचन ठेवलं, भूतकथा ठेवल्या, क्रिकेटवर गप्पा ठेवल्या. यायची, वडापाव खायची आणि जायची. ती खंत माझ्या मनात आहे. माझ्या जागी आलेली मुलगी तरुण आहे, तिला जमेल कदाचित.

आता अष्टमीचं. पहिल्या वर्षी महिन्याचा शेवटचा मोठा कार्यक्रम मी पौर्णिमेला ठेवला होता. टिपूर चांदणं, पडवीसमोरचं अंगण, सगळ्या वयाची माणसं मोठ्याने वाचतायत, असं चित्र मी मनात रंगवलं होतं. डोंगराकडच्या बाईला चांदण्यापलीकडे काय दिसणार? त्या संध्याकाळी कोळीवाड्यातून एकही माणूस आला नाही. मी रागाने फणफणत दुसऱ्या दिवशी हिराबायकडे गेले. तिने मला ओट्यावर बसवलं, चहा दिला आणि लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. पुनवेला आणि अवसेला समुद्राला उधाण असतं, पाण्याला जोर असतो, तेव्हाच डोलीच्या, म्हणजे पाण्यात रोवून ठेवलेल्या, जाळ्यात मासळी भरते. त्या दिवसांत कोळ्यांचं सगळं गाव दर्यावर. अष्टमीच्या सुमारास पाणी सुस्त पडतं, त्याला भांग म्हणतात. तेव्हा होड्या किनाऱ्याला, माणसं जाळी शिवत घरी. "कारेक्रम भांगाला ठेव," ती म्हणाली, "मंग बग कोन येत न्हाय ते."

मी कपाळाला हात लावला. इतकी वर्षं समुद्राशेजारी राहून मला हे ठाऊक नव्हतं. पुढच्या वर्षापासून वसंत महिन्याचा समारोप वैशाखातल्या शुद्ध अष्टमीला, हे ठरून गेलं. आगरी मंडळींनाही ते सोयीचं, कारण मिठागरात पाणी घ्यायचं ते उधाणाचं, भांगाला त्यांचेही हात मोकळे. आमच्या समारोपाला पाहुणा नसतो, भाषण नसतं. दोन वेगळ्या पिढ्यांच्या माणसांनी जोडीने एक पुस्तक वाचायचं, एक पान एकाने, दुसरं पान दुसऱ्याने. आम्ही त्याला जोडवाचन म्हणायचो. हे काही माझं मोठं डोकं नव्हे. मुलांच्या पुस्तकांची एकेकच प्रत होती, म्हणून दोघांत एक दिली, इतकंच.

मी निवृत्त व्हायच्या आदल्या वसंतात हसुराम म्हात्रे वाचनालयात आले. गाव त्यांना हसूबाबा म्हणतं. तरुणपणी मिठागरात, मग आयुष्यभर ट्रकवर. चालवून चालवून खांदा एका बाजूला झुकलेला. बायको गेल्यापासून घरात एकटेच. ते फळ्यासमोर बराच वेळ उभे राहिले, बोटाने एकेक अक्षर जुळवत. मग आत आले.

"बाय, यो सर्व वयोगट लिवलाय, त्यान आठ वरसाची पोर येते का?"

"येते की."

"न् तिचा आजा?"

"तोही येतो."

"दोगव एकदम येतान?"

"दोघं एकदम आलात तर जोडवाचनालाच बसवते," मी म्हटलं.

मग ते स्टुलावर बसले आणि त्यांनी सांगितलं. मुलगा किरण नवी मुंबईत, कंटेनरच्या धंद्यात चांगला स्थिरावलेला. नात स्वरा, इंग्रजी शाळेत. गेल्या उन्हाळ्यात तिला पंधरा दिवस राहायला आणलं होतं. घरात फोनला नीट रेंज नाही, खेळायला ओळखीचं कोणी नाही, आणि आजोबा काय बोलतात ते कळत नाही. "मना तिचा बोलना कलत न्हाय, तिला माजा," हसूबाबा म्हणाले. "दोन रोज रायली. तिसरे रोजी रडाला लागली, बापूस येऊन घेऊन गेला." यंदा किरणने सांगितलं होतं, शेवटचं आणून बघतो. शुक्रवारी आणतो, अष्टमीचा तुमचा कार्यक्रम झाला की रविवारी नेतो. सोमवारपासून तिचं पनवेलला उन्हाळी शिबिर आहे. आणि यंदाही ती रडली, तर पुढच्या वर्षापासून पाठवणार नाही, लेकराला कशाला त्रास.

"तवा बाय, कायतरी असा कर का ती हसंल," असं म्हणून ते उठले. नाव हसुराम, पण त्या दिवशी चेहऱ्यावर हसू नव्हतं. मला फार वाईट वाटलं. मी कपाटातून खेकड्याच्या गोष्टीचं एक पातळसं चित्रपुस्तक काढून बाजूला ठेवलं.

आणि समारोपाला आठवडा उरला असताना नाना आनंदात आले. म्हणाले, "बाई, यंदा मोठा पाहुणा मिळालाय. व्याख्याते आहेत, त्यांना फक्त पौर्णिमा जमते. समारोप पौर्णिमेला घेतलाय. मंडप सांगितलाय, माइक सांगितलाय, खुर्च्या सांगितल्यात."

मी विचारलं, "आणि माणसं?"

"माणसं येतील. पाहुणा मोठा आहे."

"नाना, उधाण आहे. कोळीवाड्यात औषधालाही माणूस सापडणार नाही."

"एक दिवस नाही गेले समुद्रावर तर काय बिघडतं?"

नानांचा जन्म इथलाच, पण पगार महिन्याच्या पहिल्या तारखेला येणाऱ्यांचं तिथीवर फारसं लक्ष नसतं. मी त्यांना समजावलं, मग भांडले, मग पुन्हा समजावलं. हसूबाबांचं नाव मात्र मी काढलं नाही. एका आज्यासाठी गावाचा कार्यक्रम हलवता का, असं नाना म्हणाले असते आणि ते बरोबरच होतं. शेवटी मी म्हटलं, "तुमचा कार्यक्रम पौर्णिमेला करा, मी येते, आभारही मानते. पण जोडवाचन अष्टमीला होईल. मंडप नको, माइक नको, फक्त पडवी द्या." नानांनी चष्मा पुसला. "पडवी तशीही उघडीच असते," ते म्हणाले. त्यांच्या भाषेत तो होकार होता. माझा जीव भांड्यात पडला.

शुक्रवारी किरणची गाडी आली. शनिवारी सकाळी हसूबाबा स्वराला घेऊन वाचनालयात हजर. पोरगी गोड होती आणि भयंकर कंटाळलेली होती. दारातच उभी राहून म्हणाली, "इथे एसी नाही?" मी म्हटलं, "नाही, पण खिडकी आहे." तिला ते काही पटलं नाही. मी खेकड्याचं पुस्तक पुढे केलं, तिने पाहिलं आणि परत केलं.

"मला मराठी वाचता येत नाही. म्हणजे येतं, पण स्लो."

"मना पन स्लोच," हसूबाबा म्हणाले.

तिने त्यांच्याकडे पाहिलं. मोठ्या माणसाला नीट वाचता येत नाही हे तिने बहुधा पहिल्यांदाच ऐकलं असावं. दोघं चटईवर बसली. चौथीपर्यंत शिकलेल्या आणि पुढे आयुष्यभर रस्त्यावरच्या पाट्या वाचलेल्या माणसाचा वेग आणि इंग्रजी शाळेतल्या तिसरीच्या मुलीचा मराठीचा वेग अगदी सारखा निघाला. दोघांची बोटं एका अक्षरावर थांबायची, एकाच अक्षरावर अडायची. मी टेबलाशी काम करतेय असं दाखवून ऐकत होते. एक कठीण शब्द आला की हसूबाबा म्हणायचे, "त्यो सोर, फुरं चल." तो सोड, पुढे चल. स्वरा विचारायची, "असं सोडून चालतं?" ते म्हणायचे, "गारी चालवताना दगड आला तर आपुन काय करतो? वलसा घालतो." ती हसली. मी टेबलाखाली मूठ आवळून धरली.

पुस्तक पुढे सरकेना, कारण हसूबाबा चित्रावर अडले. "यो खेकडा नाय. याला चिंबोरी म्हनतान. चित्र काढनाऱ्यानं पाय पन चुकवलान." स्वराने पाय मोजले. मग खरी चिंबोरी कशी असते, कुठे असते, चावते का, असे प्रश्न सुरू झाले. दुपारी ओहोटीला दोघं खाडीवर गेली आणि परत आली तेव्हा स्वराच्या गुडघ्यापर्यंत चिखल होता. किरण पडवीत फोनवर बोलत होता, तो बोलायचा थांबला. "पप्पा, तिचं बीळ असतं," ती म्हणाली, "आणि आजोबा काठी घालून सांगतात आत आहे की नाही." सोबत आलेली तिची आई चिखल पाहून पाण्याची बादली शोधायला गेली.

संध्याकाळी अष्टमीचा कार्यक्रम. कोळीवाड्यातून बायका आल्या, गडीमाणसं आली, जाळी शिवायच्या सुया खिशात तशाच. ऊन लागू नये म्हणून त्यांनी होडीचं जुनं शीड पडवीपासून आंब्यापर्यंत ताणून बांधलं. वरच्या आळीतून आगरी मंडळी आली. हिराबायने आवाज दिला, "बसा रे खाली," आणि माइकची गरज संपली. सुरुवात नेहमीसारखी सगळ्यांत लहानापासून. मंगळवारच्या वर्गातल्या एका बाळाने पुठ्ठ्याचं पुस्तक सगळ्यांसमोर मनापासून चावून दाखवलं आणि टाळ्या घेतल्या. मग एका सासू-सुनेने रहस्यकथेतलं प्रकरण वाचलं. सासूला दम दिला होता, तरी तिने मधेच खुनी सांगितला. लोक पोट धरून हसले.

मग हसूबाबा आणि स्वरा. हसूबाबांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. गोष्ट साधीच होती. एक लहान खेकडा फिरायला जातो, भरती येऊन जाते, आणि चिखलातली सगळी बिळं त्याला सारखीच दिसायला लागतात. आपलं घर कुठलं ते त्याला कळत नाही. स्वराने पहिलं पान वाचलं, अडखळत, पण मोठ्याने. दुसरं पान हसूबाबांचं. असं चाललं होतं. माणसं पुढे सरकून ऐकत होती, कारण हसूबाबांना असं चारचौघांत वाचताना कोणी पाहिलं नव्हतं.

आणि त्या पुस्तकाच्या लेखकाने, देव त्याचं भलं करो, मुलांच्या पुस्तकात लिहून ठेवलं होतं, "खेकडा किंकर्तव्यविमूढ झाला."

पान हसूबाबांचं होतं. सकाळी ती दोघं इथवर पोचलीच नव्हती. त्यांनी बोट ठेवलं. "किं," म्हणाले. पुन्हा "किं" म्हणाले. घाम फुटला. ज्या माणसाने घाटात भरलेला ट्रक रात्रंदिवस चालवला, त्याचं बोट पातळशा पुस्तकातल्या एका शब्दावर अडलं होतं. मी पुढे होणार होते. हिराबायने माझा पदर धरला.

स्वरा त्यांच्या खांद्याशी टेकली आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "आजा, त्यो सोर, फुरं चल."

मग सगळं अंगण हसायला लागलं, आणि ते हसणं चेष्टेचं नव्हतं. आगरी बायका एकमेकींना कोपर मारून सांगत होत्या, बोलली, आपल्यासारी बोलली. हसूबाबांनी पुढे वाचायचा प्रयत्न केला, पण त्यांना अक्षरं दिसेनात. ते रडत होते आणि तोंडभर हसतही होते, आणि दोन्ही लपवत नव्हते. स्वराने पुस्तक आपल्याकडे ओढलं आणि त्यांचं पानही वाचून टाकलं. खेकड्याला शेवटी आपलं बीळ सापडलं. माझेही डोळे वाहत होते, हे सांगायला मला काही लाज नाही.

मागे आंब्याखाली किरण उभा होता. चित्रण करायला उचललेला मोबाइल त्याने कधीच खाली घेतला होता. शाळेत हसतील म्हणून घरी मुलीशी आगरी बोलणं त्याने बंद केलं होतं, हे त्याने मला नंतर स्वतःच सांगितलं. रविवारी सकाळी तो गाडीत सामान भरायला लागला तर स्वरा घरात नव्हती. ती खाडीवर होती. त्याने बांधावरून हाक मारली, "स्वरा, सोमवारी शिबिर आहे." तिने चिखलातून उत्तर दिलं, "पप्पा, एकपण चिंबोरी मिळाली नाही अजून. शिबिर पुढच्या वर्षी बघू." किरणने बापाकडे बघितलं. हसूबाबा खाडीकडे बघत राहिले, जसं काही त्यांचा या गोष्टीशी संबंधच नाही. सामान गाडीतून परत उतरलं. शाळा उघडायच्या आदल्या दिवसापर्यंत पोरगी इथे राहिली, आणि खेकड्याचं पुस्तक संपवून तिने कपाटाचा अख्खा खालचा कप्पा वाचून काढला.

पौर्णिमेलाही मी शब्द पाळला. मंडप छान होता, माइक खणखणीत होता, पाहुणे विद्वान होते. खुर्च्या मात्र बहुतेक मोकळ्या. पहिल्या रांगेत हसूबाबा आणि स्वरा. भाषण संपल्यावर स्वरा सरळ नानांकडे गेली आणि म्हणाली, "आजोबा, आज का ठेवलंत? आज सगळे दर्यावर आहेत ना." नानांनी माझ्याकडे पाहिलं. मी मंडपाच्या झालरीकडे पाहिलं. झालर खरंच सुंदर होती.

पुढच्या वर्षी मी निवृत्त झाले. निरोपाच्या वेळी लोकांनी शाल दिली, नानांनी छान भाषण केलं आणि हिराबायने सोललेल्या कोलंबीचा डबा दिला. आता मी घरी असते, पडवीत बसून वाचते, आणि वाचनालयाच्या कारभारात नाक खुपसायचं नाही असं रोज ठरवते. परवा चैत्र लागल्यावर किरणचा फोन आला.

"बाई, यंदा वैशाखातली अष्टमी कुठल्या वारी येते हो? रजा टाकायची आहे."

मी म्हटलं, "अरे, भिंतीवर कॅलेंडर असेल की तुझ्या. त्यात बघ."

"बघितलं. पण स्वरा म्हणते, बाईंना विचारून घे, नाना बदलतात."

मागून तिचा आवाज आला. ती किरणला सांगत होती, शुद्ध आगरीत, की बोलत काय बसलास, पहिलं आजाला फोन लाव.